मधुमेहासाठी मोबाईल वापरायचाय? आधी कॅलेंडर, मग ॲप

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणातल्या आमच्या घरात शिरलं. तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात आईची दवाखान्याची फाईल होती. बारा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, डोळ्यांच्या तपासण्या, बदललेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यात. चिखल उपसताना फाईल सापडली, पण आत नुसता लगदा. महिनाभराने नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठली गोळी चालू होती? ती बंद का केली?" आईला एवढंच आठवत होतं की गोळी पांढरी आणि लांबट होती. मधुमेहाच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि लांबट असतात.

तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. मी ठाण्यात, आई चिपळुणात, भाऊ टोरांटोला. पहिल्याच रात्री मी आईच्या फोनवर चार ॲप उतरवली: एक साखरेचं, एक जेवणाचं, एक पावलं मोजणारं, एक गोळ्यांची आठवण करणारं. आठव्या दिवशी आईने फोन उशीखाली सरकवला. "अगं, दर तासाला ओरडतो हा. साखर मला झालीय, याला नाही."

तिचं बरोबर होतं. मी साधनं आणली होती, पण कशासाठी हे ठरवलंच नव्हतं. आता विचाराल तर मोबाईलचं काम एकच: घरी आलेला आकडा त्याच्या गोतावळ्यासकट डॉक्टरांपर्यंत पोचवणं. नुसतं "१८६" म्हणजे काहीच नाही. उपाशीपोटी की जेवून? किती वाजता? आदल्या रात्री कुणाच्या लग्नाला गेला होतात? गोळी घेतली होती का? हे सोबत नसेल तर डॉक्टर फक्त मान हलवतात.

खालचं सगळं गोळ्यांवर असलेल्या, टाइप टू मधुमेहाच्या मोठ्या माणसाला धरून लिहिलंय. टाइप वन असेल, गरोदरपणातली साखर असेल, किडनीचा त्रास असेल, तर मोजायच्या वेळा आणि मर्यादा वेगळ्या असतात. त्या डॉक्टरांकडूनच घ्या. मी डॉक्टर नाही, फाईल बुडालेली मुलगी आहे.

हाताशी काय ठेवाल

- ग्लुकोमीटर (घरी साखर मोजायचं यंत्र), त्याच मॉडेलच्या पट्ट्या, लॅन्सेट (बोट टोचायची सुई)
- स्मार्टफोन आणि तो वापरणाऱ्याला दिसेल एवढी मोठी अक्षरं (फोनच्या सेटिंगमध्ये फाँट वाढवा, हे निम्मे लोक विसरतात)
- आधार कार्ड आणि आधारला जोडलेला, सध्या चालू असलेला मोबाईल नंबर
- चालू औषधांची चिठ्ठी, आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचता यायला हवेत
- असतील तेवढे जुने रिपोर्ट
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. हसू नका, पुढे लागणार आहे
- भिंतीवरचं कॅलेंडर आणि दोरीला बांधलेलं पेन

१. पहिले पंधरा दिवस ॲप नको

दुधाचा हिशोब जिथे लिहिता तिथेच साखर लिहा. कॅलेंडरच्या चौकोनात वर "उ" म्हणजे उपाशी, खाली "जे" म्हणजे जेवणानंतर. आईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. सिलिंडर कधी लागला, बाई कधी आली नाही, हे ती चाळीस वर्षं तिथेच लिहीत आलीय.

रोज सहा वेळा बोट टोचू नका. गोळ्यांवर असलेल्या माणसाला किती वेळा मोजायचं ते डॉक्टर सांगतील. आम्हाला आठवड्यातून तीन दिवस सांगितलं होतं: सकाळी उपाशी आणि एका जेवणानंतर दोन तासांनी. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. जेवण पाऊण तास चालणाऱ्या घरात या फरकाने आकडा बराच बदलतो.

पंधरा दिवस कॅलेंडरवर नीट जमलं तरच ॲपकडे वळा. नाही जमलं तर ॲपनेही जमणार नाही. मग अडचण वेगळी आहे: बोट दुखतंय, पट्ट्या महाग वाटतायत, किंवा आकडा बघायचीच भीती वाटतेय. आईच्या बाबतीत तिसरं होतं.

२. मीटरची झडती घ्या

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि पुढे ॲपमध्ये तो कुणाला दिसत नाही.

भावाने टोरांटोहून भारी मीटर पाठवलं. आईने पहिल्यांदा मोजलं आणि फोनवर आनंदाने सांगितलं, "साखर नऊवर आली!" आली होती ९.४. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. म्हणजे आईची साखर १६९ होती. बऱ्याच मीटरमध्ये हे एकक बदलता येत नाही, कारखान्यातूनच ठरून येतं. परदेशातून नातेवाईक मीटर पाठवत असतील तर आधी हे विचारा, आणि त्या मॉडेलच्या पट्ट्या आपल्या गावात मिळतात का तेही. आमच्या चिपळुणात मिळत नव्हत्या. ते मीटर आता शोकेसमध्ये आहे.

त्याच मीटरने दुसरा घोळ घातला. त्याचं घड्याळ टोरांटोचं होतं. इथे सकाळी सात वाजता मोजलेली उपाशीपोटीची साखर ॲपमध्ये आदल्या रात्री साडेनऊला पडायची. आलेख बघून मी आईला रात्रीच्या जेवणावरून आठवडाभर बोलले. बिचारी ऐकून घेत होती. मीटर इथलंच असलं तरी सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासा, आणि सकाळ-संध्याकाळ उलटी झालेली नाही ना तेही बघा.

पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्यांना डबी उघडल्यापासून वेगळी मुदत असते. उघडल्याची तारीख पेनाने डबीवर लिहा. कोकणात पावसाळ्यात डबीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवू नका. ओल लागलेली पट्टी चुकीचा आकडा देते, आणि तो चुकीचा आहे हे सांगत नाही.

हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच टोचा. मे महिन्यात आंबे कापून उठलेल्या आईचा आकडा आला २४३. हात धुवायला लावून परत मोजलं, १५२. बोटाला लागलेला रस मीटर रक्तातच धरतं.

आणि एवढं सगळं करूनही दोन बोटांचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. मीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे चालतात. खरी साखर १६० असेल तर मीटरने १४० दाखवलं काय नि १८० दाखवलं काय, मीटर बिघडलेलं नाही. म्हणून एका आकड्यावरून घरात रडारड नको.

३. ॲप एकच, आणि तेही या पाच गोष्टी बघून

मीटर ब्लूटूथचं असेल तर त्याच्याच कंपनीचं ॲप घ्या. ॲक्यू-चेकच्या मीटरला मायशुगर, काँटूरला काँटूर डायबिटीस, वनटचला वनटच रिव्हील. आकडे आपोआप उतरतात, हाताने टाकताना होणाऱ्या चुका टळतात. बाकी कुठलंही ॲप घ्या, पण आधी हे तपासा:

- पीडीएफ निघते का? ती फुकट निघते का, की त्यासाठी पैसे मागतात?
- आकड्याला "जेवणाआधी", "जेवणानंतर" अशी खूण लावता येते का, आणि दोन शब्द लिहायला जागा आहे का?
- एकक मिलिग्रॅमवर ठेवता येतं का?
- रेंज नसताना नोंद होते का? पावसाळ्यात हा प्रश्न फालतू राहत नाही.
- खातं आणि माहिती पुसून टाकायची सोय आहे का?

ॲप संपर्क यादी मागत असेल तर नाही म्हणा. साखर मोजायला मावशीचा नंबर लागत नाही. मी एका ॲपला घाईत सगळ्या परवानग्या देऊन बसले, आणि पुढचा महिनाभर "मॅडम, मदरसाठी डायबिटीस प्लॅन घ्या" असे फोन घेत राहिले. पहिल्या नोंदणीला घरच्या नंबरऐवजी स्वतःचा नंबर द्या. असे फोन म्हाताऱ्या माणसांकडे गेले तर ती नम्रपणे ऐकून घेतात आणि वर्षाचे पैसे भरून मोकळी होतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी काही ॲपमध्ये डोस काढून देणारं गणकयंत्र असतं. डॉक्टरांनी तुमचे आकडे स्वतः त्यात भरून दिले नसतील तर ते बंद ठेवा. प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या एआयचंही तेच. रिपोर्टमधला अवघड शब्द समजून घ्यायला तो बरा, पण गोळी अर्धी करावी का हे त्याला विचारू नये.

४. जेवणाची नोंद: ॲपची रोटी आणि आपली भाकरी

जेवणाच्या ॲपमध्ये "एक रोटी" निवडली की साधारण पंधरा-अठरा ग्रॅम कर्बोदकं धरली जातात. आमच्या घरी तांदळाची भाकरी असते. मी पीठ वजनकाट्यावर ठेवलं: एका भाकरीला साठ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनने, २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात शंभर ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत. म्हणजे आईची एक भाकरी सत्तेचाळीस ग्रॅमची. ॲपच्या जवळजवळ तीन रोट्या! ती दोन खायची आणि ॲप तिला शाबासकी द्यायचं.

मग एका नातेवाइकांनी सांगितलं, ज्वारीवर जा, ज्वारीत साखर नसते. त्याच तक्त्यात ज्वारी ६८ च्या आसपास आहे आणि गव्हाचं पीठ ६४. ज्वारीत तांदळापेक्षा चोथा बराच जास्त, तो फायदा खराच. पण ज्वारीच्या तीन भाकऱ्या या तीन भाकऱ्याच असतात.

म्हणून एकदाच बसा आणि आपल्या घरची मापं काढा. भाकरीचं पीठ वजन करा, आमटीची वाटी पाण्याने भरून किती मिलिलिटर होते ते बघा, भाताची मूद काट्यावर ठेवा. ॲपमध्ये "आपला पदार्थ" टाकायची सोय असते, तिथे "आईची भाकरी" या नावाने ठेवून द्या. लोकांनी टाकलेल्या तयार नोंदींवर विसंबू नका. "साबुदाणा खिचडी" शोधलीत तर पाच वेगवेगळे आकडे मिळतील.

साबुदाण्यावरून आठवलं. एकादशी, दुप्पट खाशी हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. उपासाच्या दिवशी ॲपमध्ये आधीच खूण करा, नाहीतर त्या दिवसाचा उंच आकडा पुढे महिनाभर कोडं घालतो. आणि गोळ्या चालू असताना निर्जळी उपास करायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रोजचं जेवण कायम लिहायची गरज नाही. तपासणीच्या आधीचे चार दिवस लिहा, पुरतं. कंटाळा आलेला माणूस खोटं लिहितो, आणि खोटी नोंद नसलेल्या नोंदीहून वाईट.

५. रिपोर्ट पुराच्या पाण्याबाहेर काढा

याला एक रविवार लागतो. सगळे कागद खिडकीच्या उजेडात, सावली न पडता, सरळ वरून स्कॅन करा. प्रत्येक फाईलचं नाव तारखेने सुरू करा: "२०२४-०३ एचबीएवनसी" (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), "२०२४-०६ डोळे". असं केलं की फोन त्या आपोआप क्रमाने लावतो. मोबाईलवर आलेल्या "रिपोर्ट १", "रिपोर्ट १ नवीन", "रिपोर्ट फायनल" या जंगलात पुढे कुणालाही काही सापडत नाही. एक प्रत गुगल ड्राइव्हवर किंवा डिजिलॉकरमध्ये, एक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर.

मग आभा काढा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातला हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक. पैसे लागत नाहीत. आभाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा आभा ॲपवर आधार क्रमांक टाका, ओटीपी घाला, लक्षात राहील असा आभा पत्ता निवडा, कार्ड उतरवून घ्या. दहा मिनिटांचं काम.

आम्हाला तीन आठवडे लागले. आईच्या आधारला बाबांचा नंबर जोडलेला होता. बाबा २०१९ ला गेले, सिम केव्हाच बंद पडलं, आणि ओटीपी त्या बंद नंबरावर जात राहिला. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घेतला तेव्हा गाडी पुढे सरकली. तुमच्या घरच्या ज्येष्ठांचा आधारला जोडलेला नंबर आजच तपासा, बाकी काही केलं नाही तरी.

दोन गैरसमज खूप दिसतात. आभा म्हणजे पाच लाखांच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. ते वेगळं, त्याची पात्रता वेगळी. आभा फक्त रिपोर्ट एका धाग्यात ओवतं. आणि आभा काढलं की जुने रिपोर्ट आपोआप आत येतील असंही नाही. जे दवाखाने आणि लॅब या योजनेला जोडलेल्या आहेत आणि जिथे तुम्ही आभा क्रमांक सांगता, तिथलेच येतात. जुने स्वतः चढवावे लागतात. कुणी तुमच्या नोंदी मागितल्या तर फोनवर संमती विचारली जाते. कुठले रिपोर्ट आणि किती दिवसांसाठी, ते तुम्ही ठरवता, आणि नंतर मागेही घेऊ शकता. "ओके" दाबण्याआधी मुदत वाचा.

मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर आभा ॲपने तो स्कॅन करा. नाव-पत्ता आपोआप जातो, टोकन मिळतं, रांग टळते. आईला या सगळ्यातलं एवढंच मनापासून आवडलंय.

६. डॉक्टरांसाठी एक पान

व्हॉट्सॲपवर चाळीस फोटो पाठवू नका. भेटीच्या आदल्या दिवशी एकच पान करा. त्यावर: गेल्या चार आठवड्यांतले उपाशीचे आकडे एका रांगेत, जेवणानंतरचे दुसऱ्या रांगेत, ७० च्या खाली गेलेली प्रत्येक वेळ, तारखेसकट, चुकलेल्या गोळ्या, वजन, आणि दोन प्रश्न. दोनच. ॲपच्या पीडीएफवर हेच पेनाने लिहिलं तरी चालतं.

सर्वसाधारण प्रौढांसाठी उपाशी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या आत असं लक्ष्य धरतात. वय जास्त असेल, इतर आजार असतील तर डॉक्टर मुद्दाम ते सैल करतात. आईला ७.५ सांगितलंय. ॲप मात्र तिला अजून लाल रंग दाखवायचं, म्हणून मर्यादा बदलून घेतली. तुम्हीही घ्या. कायम लाल दिसणाऱ्या पडद्याकडे माणूस हळूहळू बघेनासा होतो.

घरचे आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसतो का ते पाहा. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३. घरी सगळे १३०-१४० आणि लॅबचा ८.५ आला, तर तुम्ही ज्या वेळी मोजत नाही त्या वेळी साखर वर जातेय. किंवा पट्ट्या खराब आहेत. किंवा रक्त कमी आहे: ॲनिमियात एचबीएवनसी फसवू शकतो, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

७. व्हिडिओवरचा डॉक्टर

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० पासून, ती घरबसल्या वापरता येऊ लागली. मोबाईल नंबर, ओटीपी, राज्य महाराष्ट्र, ओपीडी निवडा, रिपोर्ट जोडा, टोकन घ्या, थांबा. बोलणं झालं की औषधांची चिठ्ठी पीडीएफमध्ये येते. स्मार्टफोन जमत नसलेल्यांनी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात जावं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी याच सेवेतून मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात, आणि रक्तदाब-साखर तिथेच बघतात.

खासगी ॲपवर डॉक्टर घेतलात तर चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का बघा. टेलिमेडिसिनच्या मार्च २०२० च्या नियमांनुसार तो असायलाच हवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत नाव शोधता येतं. "डायबिटीस कोच" आणि "हेल्थ एक्स्पर्ट" म्हणजे डॉक्टर नव्हे, गोड बोलले तरी.

पायाला जखम, डोळ्यांसमोर अंधारी, छातीत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, यासाठी व्हिडिओ नको. सरळ दवाखाना.

८. दंडावरचा सेन्सर: रोज नको, पण एकदा बघण्यासारखा

दंडाच्या मागे चिकटवायचा, साधारण दोन आठवडे सतत साखर मोजणारा सेन्सर मिळतो. फ्रीस्टाइल लिब्रे हे त्यातलं आपल्याकडे ओळखीचं नाव. काही हजार रुपये जातात आणि मुदत संपली की तो टाकून द्यावा लागतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एकदाच लावला. त्यातून कळलं की रात्री साडेनऊच्या भाकरीनंतर दोन वाजेपर्यंत आईची साखर १९० च्या वर असते. त्या वेळी आम्ही कधीच मोजत नव्हतो. रात्रीचं जेवण साडेसातला आलं, एवढाच बदल, आणि पुढच्या एचबीएवनसीत फरक दिसला.

लावण्याआधी तुमचा फोन त्या ॲपला चालतो का हे बघा. सेन्सर स्कॅनचा असेल तर फोनला एनएफसी (फोन जवळ धरून माहिती वाचायची सोय) हवं, स्वस्त फोनमध्ये ते बऱ्याचदा नसतं. सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलात तर दाबाने खोटा कमी आकडा येतो. रात्री तीनला ५८ चा गजर झाला, मी ठाण्याहून शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी बोट टोचून पाहिलं: ११२. शेजारी अजूनही आठवण काढतात. घाम, थरथर आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचूनच खात्री करा. फोन सायलेंटवर किंवा "डू नॉट डिस्टर्ब"वर असला तर गजर वाजत नाही, हेही आधीच तपासून ठेवा.

या आलेखात ७० ते १८० मध्ये किती वेळ गेला ते बघतात. साधारण ७० टक्के वेळ असावा, नाजूक तब्येतीच्या ज्येष्ठांना ५० टक्केही चालतो. डोंगरासारखी रेघ दिसली म्हणून घाबरू नका, जेवल्यावर सगळ्यांचीच वर जाते.

सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या नादी लागू नका. असं एकही उपकरण मंजूर केलेलं नाही, वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं.

९. औषधं मागवताना

जनऔषधी सुगम हे सरकारी ॲप जवळचं जनऔषधी केंद्र आणि तिथली किंमत दाखवतं. गोळीचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून बघा, ब्रँडवर जाऊ नका.

इन्सुलिनची बाटली मागवत असाल तर डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे बाटल्या बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या, पेनमधली काडतुसं १०० ची. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट वर किंवा खाली. ऑनलाइन बॉक्स आला की बर्फाची पिशवी अजून गार आहे का हाताने बघा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. गरम आलं तर परत करा, फ्रीजरमध्ये टाकून ते सुधारत नाही.

१०. "सात दिवसांत मधुमेह बरा"

फोनवर अशी जाहिरात येते: ओळखीच्या वृत्तनिवेदकाचा किंवा मोठ्या डॉक्टरांचा चेहरा, त्यांचाच आवाज, खाली बटण. चेहरा चोरलेला असतो. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या जादुई उपचारांविषयीच्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दावा ऐकला की तिथेच थांबायला हरकत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. आणि फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. आमच्याकडे त्यातून कारल्याच्या रसाच्या सात पाककृती मिळाल्या, आणि एका काकांनी आईला गोळी सोडायला लावली. चार दिवस. मग २९०.

११. फ्रीजवरचा कागद

हे ॲपमध्ये ठेवू नका. साखर फार उतरली की माणसाला फोनचा पॅटर्न आठवत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी मोठ्या अक्षरांत हे लिहून फ्रीजवर लावा:

- घाम, थरथर, भोवंडल्यासारखं, चिडचिड: मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला वेळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.
- पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते.
- १५ मिनिटांनी परत मोजा. अजून कमी असेल तर परत तेवढीच साखर. वर आली की काहीतरी खा.
- शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८.
- खाली मुलांचे आणि शेजाऱ्यांचे नंबर.

१२. दर तीन महिन्यांनी अर्धा तास

ॲपमधून पीडीएफ काढून ड्राइव्हवर ठेवा. मीटरचं घड्याळ, पट्ट्यांची मुदत बघा. चालू गोळ्यांचे नवे फोटो काढा. डोळ्यांची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (हे एक प्रथिन) वार्षिक तपासणी कधी झाली ते बघा. "फुल बॉडी" पॅकेजच्या सत्तर चाचण्यांत नेमकी हीच नाही, असं आमच्याकडे झालंय. रोज रात्री तळपाय बघायचं काम फोनचं नाही, आरशाचं आहे.

आईचं कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. महिना संपला की पान फाडायच्या आधी ती मला त्याचा फोटो पाठवते, मी ॲपच्या आकड्यांशी ताडून बघते. गेल्या महिन्यात सतरा तारखेला ॲपमध्ये उपाशीचे २०४ होते आणि शेजारी काही नाही. कॅलेंडरच्या चौकोनात मात्र दुधाच्या हिशोबाखाली बारीक अक्षरात होतं: "शेजारी बारसं. जिलेबी २."